विनोद परवडला, हळहळ आवरा!

गेल्या फेब्रुवारीत आमच्या शाळेत नववीतल्या एका मुलाला शिक्षा झाली. अपराध असा की त्याने विनोद केला.

झाले ते असे. कल्पना चावलाच्या स्मृतिदिनानिमित्त प्रार्थनेनंतर एका मुलीने भाषण केले. भाषण पाठ होते, आवाज खणखणीत होता, आणि शेवटच्या ‘ती परत आलीच नाही’ या वाक्यावर तो थरथरेल अशी व्यवस्थाही बाईंनी आधीच करून ठेवली होती. पुढे पहिल्याच तासाला बाईंनी वर्गात विचारले, “सांगा पाहू, कल्पना चावला परत का आली नाही?” शेवटच्या बाकावरून उत्तर आले, “बाई, जातानाचंच तिकीट काढलं असेल. परतीचं महाग पडतं.”

वर्ग हसला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मधल्या सुट्टीच्या आत प्रकरण मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेले आणि निकाल लागला की मुलाने माफीपत्र लिहावे, त्यावर पालकांची सही आणावी, आणि माफीपत्राची भाषा शुद्ध आहे की नाही हे मराठीचे शिक्षक या नात्याने मी पाहावे. पश्चात्ताप झाला तरी ऱ्हस्वदीर्घ चुकता कामा नये!

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले आणि तोंडेही उघडली. आजकालच्या पोरांना कशाचे गांभीर्यच राहिले नाही, यावर एकमत झाले. मग हळहळ सुरू झाली. गणिताच्या बाई म्हणाल्या, “बिचारीला कळलंसुद्धा नसेल. एका क्षणात सगळं संपलं.” चित्रकलेच्या सरांनी मोबाईल काढून काळ्या आकाशात नारिंगी ज्वाळांनी फुटणाऱ्या यानाचे चित्र सर्वांपुढे धरले, उपग्रहाने टिपलेले म्हणे. इतिहासाचे सर आवाज खाली आणून म्हणाले, “नासाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की हे सातजण मरणार. मुद्दाम सांगितलं नाही. सोळा दिवस त्यांना हसत ठेवलं.” आणि मुख्याध्यापकांनी डब्याचे झाकण लावता लावता समारोप केला, “शेवटी नियती! तिच्यापुढे कोणाचं चाललंय?”

मी तेव्हा बोललो नाही. तोंडात घास होता, आणि माणसे मोठी होती. पण वाचकहो, आज फराळाचे ताट तुमच्यापुढे आहे, घरची चार माणसे जमली आहेत, आणि कोणाच्या तरी तोंडून असलीच एखादी हळहळ निघण्याचा पुरेपूर संभव आहे. म्हणून आज बोलतो. त्या दिवशी आमच्या शाळेत कल्पना चावलाविषयी पाच विधाने झाली. त्यांपैकी चार खोटी होती, आणि ती चारही गंभीर चेहऱ्याने खरी म्हणून सांगितली गेली. पाचवे त्या पोराचे. ते खरे मानून कोणी तिकिटाच्या खिडकीकडे धावले नसते. शिक्षा झाली ती मात्र त्या पाचव्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

मी मॅट्रिक झालेला मराठीचा मास्तर. अग्निबाणाचे शास्त्र मला काय कळणार, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण मी कादंबऱ्याही लिहितो. खोटे रचणे हा माझा जोडधंदा आहे, आणि कासाराला जसे पितळ आवाजावरून कळते तसे मला रचलेले लगेच ऐकू येते. वरची चारही विधाने फार बेताने रचलेली आहेत. वेदनारहित मरण, आकाशातला नेत्रदीपक स्फोट, सत्य दडवून हसणारा खलनायक आणि वर नियतीचा कळस! मी एखाद्या प्रकाशकाकडे ही कथा नेली असती तर त्याने दुसरी आवृत्ती गृहीत धरूनच छापली असती. प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टी इतक्या घाटदार नसतात. त्यांचे कोपरे टोचतात.

आधी त्या चित्राचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. ते चित्र १९९८ च्या ‘आर्मगेडन’ नावाच्या अमेरिकन चित्रपटातले. कोलंबिया यान पडल्यावर थोड्याच दिवसांत ते उपग्रहाची छायाचित्रे म्हणून जगभर फिरले, आणि वीस वर्षांनंतरही ते आमच्या चित्रकलेच्या सरांच्या खिशात सुखरूप आहे. कोलंबिया काळ्या अवकाशात फुटले नाही. ते १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीच्या वातावरणात शिरल्यावर, टेक्सासच्या वर सुमारे साठ किलोमीटर उंचीवर, सकाळच्या निळ्या आकाशात तुटले. तो शनिवार होता. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि आणखी पंधरा-सोळा मिनिटांनी यान उतरायचे होते. खालून ज्यांनी पाहिले त्यांना ज्वाळा दिसल्या नाहीत. एका पांढऱ्या रेघेच्या अनेक रेघा झालेल्या दिसल्या. एवढेच. त्या रेघा पाहून छातीत जे होते ते चित्रपटाच्या ज्वाळांनी होत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने निदान चित्रकला शिकवू नये.

आता ‘एका क्षणात संपले’ हे. यात दया आहे असे वाटते, म्हणून ते खोडताना जीभ अडखळते. पण खोडलेच पाहिजे. त्यासाठी सतरा वर्षे मागे जावे लागेल, कारण ही दया प्रथम जन्मली ती तेव्हा. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे यान उड्डाणानंतर ७३ व्या सेकंदाला नष्ट झाले. त्यात सातजण होते, आणि त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ नावाची न्यू हॅम्पशायरमधल्या कॉन्कॉर्डची शाळामास्तरीण होती. ती अवकाशातून धडे देणार होती म्हणून अमेरिकेतल्या शाळाशाळांतून मुलांना दूरचित्रवाणीपुढे बसवले होते. सगळ्यांनी पांढऱ्या धुराचा गोळा पाहिला आणि सगळे म्हणाले, स्फोट झाला, कळलेसुद्धा नसेल.

तो आपण समजतो तसला स्फोट नव्हताच. इंधनाची टाकी फाटली, इंधन पेटले, आणि तिरक्या झालेल्या यानाचे हवेच्या दाबाने तुकडे झाले. सातजण बसलेली खोली मात्र जवळजवळ अखंड राहून त्या धुरातून बाहेर पडली, वेगाच्या भरात आणखी वर गेली, आणि मग खाली येऊ लागली. समुद्रावर आदळेपर्यंत तिला सुमारे पावणेतीन मिनिटे लागली. पुढे समुद्रातून श्वासासाठी ठेवलेली हवेची चार नळकांडी सापडली. त्यांतली तीन कोणीतरी हाताने सुरू केलेली होती. खाली येईपर्यंत कोण शुद्धीवर होते हे चौकशी करणाऱ्या डॉक्टरांनाही ठरवता आले नाही. पण टाकी फाटल्यावर कोणीतरी हात लांब करून ते सुरू केले, एवढे नळकांडी सांगतात.

कोलंबियाचेही तसेच. ताबा सुटल्यापासून यानाचे तुकडे होईपर्यंत सुमारे चाळीस सेकंद गेले. त्या चाळीस सेकंदांत यान सावरण्यासाठी खटपट झाल्याच्या खुणा फलकावरच्या कळींवर आढळल्या. मग खोलीतली हवा गेली आणि शुद्धही गेली. नासाने डिसेंबर २००८ मध्ये हे सगळे चारशे पानांच्या अहवालात लिहून ठेवले. एकाने शिरस्त्राण घातले नव्हते आणि काहींचे हातमोजे हातात नव्हते हेसुद्धा. हे लिहिताना त्या माणसांना काय वाटले असेल! मेलेली माणसे त्यांची सहकारी होती. पण लिहिले, कारण पट्टे कुठे तुटले, पोशाख कुठे अपुरा पडला हे कळल्याशिवाय पुढच्या माणसाचा पट्टा आणि पोशाख सुधारत नाही. ‘कळलेसुद्धा नसेल’ म्हणणाऱ्या माणसाने तो अहवाल कधीच लिहिला नसता. त्याला डोळे पुसून डबा बंद करायचा असतो.

आता इतिहासाच्या सरांचे विधान घेऊ. याच्यावर मी अधिक रेंगाळणार आहे, कारण हे सगळ्यांत लोकप्रिय आहे आणि सगळ्यांत घातक आहे. नासाला ठाऊक होते आणि सांगितले नाही, असे हे खोटे. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यांनी सांगितले, आणि त्यांना ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नव्हते कारण त्यांनी पाहिले नाही.

१६ जानेवारी २००३ ला यान उडाले. ८२ व्या सेकंदाच्या आसपास बाहेरच्या मोठ्या टाकीवरील फोमच्या आवरणाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तुकड्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास. आपल्या खोक्यांत बांगड्या फुटू नयेत म्हणून घालतात त्या पांढऱ्या ठोकळ्याचा हा भाऊबंद म्हणा. असल्या मऊ वस्तूने पंख कसा फुटेल? वर्गात मी हे मुलांना असे सांगतो : धावत्या मोटारीच्या खिडकीतून रुमाल बाहेर सोडा. रुमाल जागच्या जागी थांबतो, मोटार पुढे जाते. फोम हलका, म्हणून हवेने तो चटकन अडवला. यान मात्र मागून धावत होते. तेव्हा फोमने यानाला मारले नाही, यानच ताशी सुमारे साडेआठशे किलोमीटरच्या फरकाने त्याच्यावर जाऊन धडकले.

चित्रफितीत ही धडक दुसऱ्याच दिवशी दिसली. काही अभियंत्यांना झोप लागेना. लष्कराकडे दुर्बिणी आहेत, उपग्रह आहेत, त्यांच्याकडून पंखाचे छायाचित्र काढून घ्या, अशी मागणी तीन वेगवेगळ्या मार्गांनी झाली, आणि तिन्ही वेळा ती विरली. कोणी मुद्दाम गळा दाबला असे नाही. कोणी म्हणाले, मागणी योग्य वाटेने आलेली नाही. कोणी म्हणाले, फोम तर पूर्वीही पडत आला आहे आणि याने परत आली आहेत. कोणाला वाटले, दिसले तरी करणार काय? आणि २३ जानेवारीला यानाचा नायक रिक हजबंड व त्याचा सहवैमानिक यांना खालून पत्र गेले की असा असा तुकडा लागला आहे, काळजीचे मुळीच कारण नाही. एखाद्या वार्ताहराने विचारलेच तर तुम्ही गोंधळू नये म्हणून कळवतो.

पाहिलेत? इथे राक्षस कोणी नाही. सत्य तळघरात दडवून हसणारा खलनायक नाही. तुमच्यामाझ्यासारखी माणसे आहेत, बैठका आहेत, आणि ‘काल निभावले, आज निभेल’ ही सवय आहे. ही सवय पुणेकराला मी समजावून सांगायची का? डोक्यावर शिरस्त्राण न घालता वीस वर्षे लक्ष्मी रस्त्यावरून दुचाकी चालवली आणि काही झाले नाही, हा ज्या शहरात शास्त्रीय पुरावा समजला जातो, तिथल्या माणसाने नासाच्या अधिकाऱ्यांत राक्षस शोधू नये. आरशात पाहावे.

आणि ‘दिसले तरी करणार काय’ हेसुद्धा पुढे खोटे ठरले. अपघातानंतरच्या चौकशी मंडळाने विचारले, की वेळीच दिसले असते तर? उत्तर आले, की अटलांटिस हे दुसरे यान मार्चच्या आरंभीच्या उड्डाणासाठी तयार होतच होते. जिवावर उदार होऊन घाई केली असती, आणि वरच्यांनी श्वास जपून वापरून १५ फेब्रुवारीपर्यंत तग धरला असता, तर त्यांना उतरवून घेणे अवघड होते पण अशक्य नव्हते. त्याच मंडळाने जुलै २००३ मध्ये टेक्सासमध्ये एक प्रयोग केला. फोमचा तसाच तुकडा तोफेसारख्या नळीतून तशाच वेगाने पंखाच्या कडेवर मारला. कडेला हातभर लांबीरुंदीचे भगदाड पडले. बघायला जमलेल्या माणसांच्या तोंडून श्वास निघाला तो तिथे. सहा महिने उशिरा.

हे भगदाड अवकाशात सोळा दिवस कोणाला बाधले नाही. तिथे हवाच नाही. बाधले ते परतताना, हवा तापू लागली तेव्हा. गेलेली माणसे येणार कशी, या प्रश्नाकडेच कोणी डोळे उघडून पाहिले नाही. आता त्या शेवटच्या बाकावरच्या पोराचे वाक्य पुन्हा वाचा. त्याला यातले काही ठाऊक नव्हते, मान्य. पण परतीच्या तिकिटाची चौकशी त्या सबंध शाळेत त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी केली?

नियतीविषयी मी बोलणार नव्हतो. पण ती पुण्यात बोलली गेली, आणि पुण्यात नियतीचे नाव निघाले की मला माझे आजोबा आठवतात. नारायण पेठेत आमचे बिऱ्हाड होते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, त्याच दिवशी खाली खडकवासल्याचे जुने धरणही गेले, लकडी पूल पाण्याखाली बुडाला आणि आमचे घर भिंतींसकट मुठेत वाहून गेले. आजोबा ही कथा सांगत आणि शेवटी म्हणत, “सगळं गेलं. राहिलं ते फक्त कर्ज. सावकार पर्वतीच्या अंगाला उंचावर राहत होता ना!” आणि खो खो हसत. आजी पदर तोंडाला लावून आत जाई. रडायला की हसायला, हे मला लहानपणी कळत नसे.

एकदा एक गृहस्थ घरी आले होते. त्यांच्या घराच्या पायरीलाही त्या दिवशी पाणी लागले नव्हते. ते चहा घेता घेता सुस्कारा टाकून म्हणाले, “निसर्गाचा कोप! त्याच्यापुढे माणसाचं काय चालतं?” आजोबांचा चेहरा एकदम उतरला. ते म्हणाले, “धरण काय निसर्गानं बांधलं होतं?” गृहस्थांनी चहा लवकर संपवला.

आजोबा शिकलेले नव्हते, पण त्यांना मुद्दा कळत होता. पानशेतचे धरण पुरे झालेले नव्हते. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे, आणि अशा स्थितीत पावसाळ्यातले पाणी त्या मातीच्या बांधामागे साठू लागले. बांध खचू लागला तेव्हा आदल्या रात्री लष्करी जवान भर पावसात वाळूची पोती रचत होते. नियती पोती रचत नाही. ज्या बांधावर पोती रचावी लागतात त्या बांधाविषयी कोणीतरी कधीतरी ‘निभेल’ म्हटलेले असते. चॅलेंजरच्याही आदल्या रात्री अभियंत्यांनी हेच सांगितले होते, की उद्या थंडी फार आहे, सांध्यांतली रबरी कडी कडक होतील, उडवू नका. मग त्यांच्या वरिष्ठांनी आपापसांत खल केला आणि ‘उडवा’ म्हणून कळवले. पुढे रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने चौकशी समितीसमोर ते रबर बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवून दाखवले. चिमटा काढला तरी रबर लगेच फुगेना. आमच्या प्रयोगशाळेत सातवीच्या मुलाला करता येईल असा हा प्रयोग. त्याला ‘नियती’ हे नाव शोभत नाही.

विनोदाविषयी माझे म्हणणे एवढे ऐकल्यावर कोणी विचारील, की मग मेलेल्या माणसांवर खुशाल हसावे काय? मी तसे म्हणत नाही. ज्या घरात दहावा व्हायचा आहे त्या घराच्या ओटीवर कोणी विनोद करू लागला तर त्याला हाताला धरून बाहेर काढावा. कर्नालमध्ये त्या मुलीच्या शेजारणींसमोर आमच्या विद्यार्थ्याने हे वाक्य उच्चारले असते तर मीच त्याचा कान धरला असता. विनोदाला जागा कळली पाहिजे. पण हळहळीला ती नको का? ते बनावट चित्र कर्नालमध्ये पोचलेच नसेल काय? ‘मुद्दाम मारले’ हे मेलेल्याच्या आईबापांपर्यंत गेले नसेल काय? विनोद करणारा निदान तोंड लपवतो. हळहळ करणारा मात्र ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ असे खाली लिहितो. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे ते हे, आणि वर खाताना डोळे पुसणारे.

चॅलेंजर पडल्यावर काही दिवसांतच अमेरिकेत विनोदांची लाट आली. ‘नासा’ या चार इंग्रजी अक्षरांचा अर्थ लोकांनी लावला, ‘नीड अनदर सेव्हन ॲस्ट्रॉनॉट्स’. आणखी सात अंतराळवीर पाहिजेत! तिथल्याही शिक्षकांनी मुलांच्या नावाने बोटे मोडली असतील. इलियट ऑरिंग या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने १९८७ मध्ये त्यावर निबंध लिहिला. दूरचित्रवाणीवर तो धुराचा गोळा पुन्हा पुन्हा दाखवायचा, निवेदकाने ठरावीक गहिवराने बोलायचे आणि मध्ये साबणाच्या जाहिराती लावायच्या, या ठोकळेबाज दुःखाविरुद्धचे हे बंड होते, असा त्याचा रोख. मला तो पटतो. आमच्या शाळेतल्या भाषणात आवाज कुठे थरथरायचा हे आधीच ठरलेले होते. नववीतले मूल गाढव नसते. त्याला ते ऐकू येते.

हळहळ आणि दुःख यांत फरक कसा ओळखावा? मी एक गोष्ट सांगतो. कोलंबिया तुटले तेव्हा त्याचे तुकडे टेक्सासच्या रानावनात मैलोगणती विखुरले. हजारो माणसे, त्यांत शेतकरी होते, आगी विझवणारे होते, गावातले दुकानदार होते, खांद्याला खांदा लावून काटेरी झुडपांतून, चिखलातून, थंडीपावसात आठवडेच्या आठवडे चालली. ८४,००० हून अधिक तुकडे गोळा केले. यानाच्या वजनाचा जेमतेम ३८ टक्के भाग हाती लागला, आणि त्यातूनच भगदाड कुठे होते ते ठरले. एका शेतात इलान रामोन या इस्रायली अंतराळवीराच्या रोजनिशीची पाने सापडली. प्रयोगासाठी नेलेल्या सूक्ष्म कृमींचे डबे सापडले, आणि आतले कृमी जिवंत होते! कादंबरीत मी हे लिहिले असते तर संपादकाने छापायचे नाकारले असते. गावातल्या बायकांनी या सगळ्या माणसांना रांधून घातले. याला मी दुःख म्हणतो.

आणि हे काही परदेशातच घडते असे नाही. २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळती रेघ गेली. इकडे शहरांत कोणी तिला उल्का म्हटले, कोणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचे भले मोठे कडे पडले. गावकऱ्यांनी पोलिसांना कळवले, आणि कडे ठाण्यात गेले. चिनी अग्निबाणाचा तो भाग असावा असे पुढे जाणकारांनी सांगितले. कडे पडले त्या गावाने हात लावून पाहिले, आम्ही शहाण्यांनी बोट लावून पुढे पाठवले.

त्या मुलाचे माफीपत्र माझ्याकडे आले. ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका होत्या. मी त्याला जवळ बसवून फोमची, २३ जानेवारीच्या पत्राची आणि भगदाडाची सगळी हकीकत सांगितली. तो हसला नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “सर, मग त्यांनी फोटो का नाही काढले?” मी म्हणालो, “हेच माफीपत्राच्या खाली लिही.” त्याने लिहिले. मुख्याध्यापकांनी ते वाचले, आणि ‘विषयाला सोडून’ असा शेरा मारून कपाटात ठेवले.

चित्रकलेच्या सरांनी मात्र त्या ज्वाळांची रंगीत प्रत काढून भित्तिपत्रकावर लावली होती. खाली ‘कल्पना चावला यांच्या यानाचा स्फोट’ असे सुवाच्य अक्षरांत. मी त्यांना सिनेमाचे नाव सांगितले. ते म्हणाले, “असेल हो. पण उठून दिसतं की नाही?” ते तिथे आठ महिने उठून दिसले. दिवाळीच्या सुटीआधी शाळेची झाडलोट चालली होती तेव्हा शिपाईमामा शिडीवरून मला म्हणाले, “मास्तर, हे ठेवायचं का काढायचं?”

मी म्हणालो, “काढा.”

त्यांनी कागद बोळा करून खाली टाकला. टाचण्या चांगल्या होत्या, त्या खिशात ठेवल्या.